माडावर गप्प बसू नये

ओनोतोआ बेट, ४ मार्च १९९५

रेइता,

फाडायचंच असेल तर खुशाल फाड, पण ही एक ओळ वाचून फाड. मी आजारी नाही.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "बाउरो, तू माझ्याकडे येऊ नकोस, डॉक्टरकडे जा." तो वाइसेआ तिथंच कठड्याला टेकून शेंगदाणे खात होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, खुर्ची फेकली, खिडकीची काच फुटली. आजारी माणसाला एवढं जमतं का? आजारी माणूस अंथरुणात पडून असतो.

आणि परीक्षेच्या हॉलमधून उठून आलो तेही पेपर अवघड होता म्हणून नव्हे. सोपा होता. पहिला प्रश्न तर मला पाठ होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. घंटा झाली तेव्हा कागदावर फक्त माझं नाव होतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाचं असावं असं दिसत होतं. मग उठलो. फिजीतलं सुवा सोडलं, कॉलेज सोडलं. कुणाला सांगून सोडायचं असतं का?

इथं बिरिबोमामाकडे आहे. आईचा थोरला भाऊ. आई गेल्यावर यानंच मला वाढवलं, तुला सांगितलं होतं मागे. गावात सांगितलंय की सुट्टी लागली. जो तो विचारतो, "काय रे, मास्तर कधी होणार?" मी म्हणतो, होईन. मजेत आहे मी. रोज मासे धरायला जातो, पोटभर जेवतो, झोप छान लागते.

मामी म्हणते, "याच्या पाठीखालच्या चटईला आता मुळं फुटतील." तिला थट्टेची सवयच आहे.

तू हसायच्या आधी तुझा डावा खांदा हलतो, हे वाइसेआला माहीत आहे का? विचार त्याला.

बाउरो


१९ मार्च

रेइता,

मागच्या विमानानं पत्र नाही, या विमानानं नाही. ठीक आहे. मीही काही डोळे लावून बसलेलो नाही.

मामा माडावरून पडला. फार उंचावरून नाही. उतरताना खोडाच्या खाचेतून पाय निसटला आणि हात अंगाखाली आला. दवाखान्यातल्या कातारिना नर्सनं लाकडाच्या दोन पट्ट्या लावून हात गळ्यात बांधलाय. आता अडचण अशी की घराजवळच्या तीन माडांची नीरा मामाच काढायचा, सकाळ-संध्याकाळ. माडाच्या मिटलेल्या फुलोऱ्याची पोय रोज दोन वेळा तासावी लागते हे तू जाणतेस. एक दिवस चुकला की तिचं तोंड मिटतं, मग नवी पोय बांधून नीरा सुरू होईपर्यंत तिष्ठत बसायचं. आणि या घराला तिष्ठत बसता येत नाही. मामाची मुलगी ताकेई बाळंतपणासाठी आलीय, नवरा जर्मन जहाजावर. तापात तिचं दूध आटलं. दुधाचे डबे घेऊन येणारी बोट तारावाच्या बंदरात इंजीन उघडून बसलीय म्हणे. तोवर तिची एवढीशी पोर, आना, पाणी घातलेल्या नीरेवर जगतेय.

पहाटे मामा माझ्या माचाशी येऊन उभा राहिला.

"बाउरो, ऊठ."

"बरं वाटत नाही."

"मला तरी कुठे वाटतंय? हात मोडलाय माझा. ऊठ."

"मला नाही जमणार, मामा."

"झोपायचंच ना? मग वर जाऊन झोप. माड तुला काही विचारायचा नाही. येताना तेवढी नीरा घेऊन ये."

"तामुएराला सांगा ना. शेजारीच तर आहे तो."

"आणि उद्यापासून गाव म्हणेल, बिरिबोच्या घरी धडधाकट भाचा लोळतोय आणि नात शेजाऱ्याच्या नीरेवर वाढतेय. ऊठ म्हणतो ना!"

उठलो. म्हणजे मामीनं चटई दुसऱ्या टोकाला धरून ओढली, म्हणून उठलो.

शेवटचं चढलो तेव्हा मी शाळेत होतो. पाय विसरले नव्हते. सुरीनं पोयीचा चकतीएवढा शेंडा तासला, कापडासारखा पातळ, आणि थेंब आला. मामा खालून विचारत होता, "आला का?" मला काहीच वाटलं नाही, रेइता. वाईट नाही, बरं नाही, काहीच नाही. सगळं भिजलेल्या शिडाखालून बघितल्यासारखं. हे मी तुला कशाला सांगतोय? मागच्या पत्रात मासे धरायला जातो असं लिहिलं होतं. नाही जात.

बाउरो


२६ मार्च

रेइता,

काल मला कुणी काय म्हटलं ते ऐक, आणि मग मला सांग की मला राग येतो ही माझी चूक आहे.

काल संध्याकाळी पहिल्या माडावर होतो. ऊन उतरलं होतं. खाली तामुएराच्या घरामागची विहीर आणि आंघोळीचा आडोसा. मी तिकडे बघतही नव्हतो, कुठेच बघत नव्हतो. एकदम खालून आरडाओरडा.

"कोण आहे रे वर? वर कोण आहे?"

मी बोललो नाही.

"माझी बायको आंघोळीला बसलीय आणि हा चोर गप्प बसून बघतोय! उतर! उतर खाली, नाहीतर दगड घालतो!"

तामुएरा. हातात होडीचं वल्हं. असा संताप आला, रेइता! डोक्यात भणभणलं. मी? मी त्याच्या म्हातारीला बघणार? मी, ज्याला तुझ्याखेरीज दुसरी बाई दिसतही नाही? सरसर उतरलो, छाती सोलवटली खोडावर, आणि समोर जाऊन उभा राहिलो. "परत बोल! परत बोलून दाखव!" तो वल्हं खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "बिरिबोचा भाचा होय. मला वाटलं कुणी चोर आहे. माडावर चढून गात का नव्हतास?"

आता तूच सांग. आपल्याकडे वर चढलेला माणूस गातो, म्हणजे खालच्या बायकांना कळतं वर कोण आहे, कबूल. पण घशातून आवाजच निघत नसेल तर? रोजच मी गप्प चढतोय. तेव्हा नाही कुणी वल्हं घेऊन आलं.

आज त्यानं गाऱ्हाणं घातलंय. मनेआबात बोलावलंय, सगळ्या गावाच्या सभेपुढे.

घाईत सुरी खाली विसरलो होतो काल, त्यामुळे नीराही काढायची राहिली. मामानं मुकाट्यानं पोरांकरवी तामुएरालाच वर धाडलं. म्हणजे ज्यानं शिव्या दिल्या त्यानंच माझी पोय कापली. काय ही अब्रू!

बाउरो


२८ मार्च

रेइता,

मनेआबात सगळं गाव. मामा आपल्या खांबापाशी, मी त्याच्या पाठीशी. समोर म्हातारे. मधोमध इओतेबा, त्याला आता अर्धंच दिसतं, पण ऐकू दुप्पट येतं.

"माडावर गप्प कोण बसतं?" इओतेबानं विचारलं. "चोर, नाहीतर दुसऱ्याच्या अंगणात डोळा असलेला. तू यातला कोण?"

"कुणीच नाही."

"मग गायचास ना."

"येत नाही."

हशा. मागून कुणीतरी बोललं, "फिजीला गळा विकून आलाय वाटतं." दुसरा म्हणाला, "शिकलेल्यांची गाणी कागदावर असतात, वर वाऱ्यानं उडतात." मामा म्हणाला, "पोटात दुखत होतं त्याच्या." तिनाई आजी, दात नाहीत पण जीभ आहे, ती ओरडली, "पोटात दुखणारा माडावर कशाला चढेल गं बाई, झुडपात नाही का जाणार?" सगळा मनेआबा हलला. मीच एकटा दगड.

निवाडा असा: उद्यापासून वर चढल्यावर आवाज ऐकू आला पाहिजे. परत गप्प राहिलो तर तिन्ही माड तामुएराकडे, मामाचा हात बरा होईपर्यंत. आनाची नीरा तो आणून देईल, रोज, आमच्या दारात, सगळ्यांसमोरून.

 घराच्या दारात पोहोचल्यावर मामा म्हणाला, "तुझ्या आजोबांनी हे माड लावले. आजवर ते आपल्या घराबाहेरच्या हातात गेलेले नाहीत." एवढंच. मग एका हातानं काथ्याची दोरी वळत बसला. बघायला विचित्र दिसतं, दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतो.

संध्याकाळी ती दोरी सुरीच्या मुठीला बांधली आणि माझ्या गळ्यात अडकवली. म्हणाला, "विसरायला नको."

बाउरो


३० मार्च

रेइता,

आता तुझी गंमत झालीय. मला हसू आलं नाही, पण तुला येईल.

काल पहाटे चढलो. खाली तामुएरा, कान टवकारून. आडोशाच्या पलीकडे दोन-तीन बायका. मामी दारात, कडेवर आना. मी तोंड उघडलं. लहानपणापासून शंभर वेळा गायलेली गाणी आठवली, शब्दही आठवले. पण नुसती हवा बाहेर आली. परत उघडलं. परत हवा. खाली कुजबुज. तामुएरा म्हणाला, "मग? माड देतोस का?"

आणि मला असा काही राग आला, त्याचा नाही, तुझा! सगळं तुझ्यामुळे! मी जीव खाऊन ओरडलो:

"रेइता, तू गाढव आहेस!"

 मग तामुएरा, अगदी गंभीर आवाजात:

"कोण रेइता?"

"बेतिओची! सुवात शिकते!"

"कुणाची पोर?"

"बेनेतेची!"

"कुठला बेनेते? पोस्टातला?"

"तोच!"

"त्याची बायको माझ्या मावसबहिणीची नणंद." खाली चर्चा सुरू झाली. तिनाई आजी तिथं कधी आली देव जाणे. "चांगलं घर आहे," ती म्हणाली. "काय केलं पोरीनं तुझं?"

"मला सोडलं!"

"का?"

हा 'का' खालून आला आणि मी सुरी हातात घेऊन बसलो. पोय तासायची राहिली होती, ती तासत तासत बोललो. जोरात बोलावं लागतं, वारा असतो वर. ग्रंथालयात तुझी माझी पहिली भेट, तू माझ्या खुर्चीवर बसलेलीस आणि उठायला तयार नव्हतीस, तिथंवर आलो. तीन माड झाले. उतरलो.

तामुएरा इओतेबाकडे गेला. इओतेबानं विचारलं, "आवाज होता?" "होता." "मग झालं. गाणंच पाहिजे असं आपण कुठे म्हटलं?"

माड आमच्याकडेच राहिले. तुझं नाव मात्र आता गावभर झालंय. रागावलीस तर रागाव, पण लिहून रागाव.

बाउरो


३० एप्रिल

रेइता,

महिना झाला लिहिलं नाही. लिहायचं ते सगळं वरून बोलून होतं. पत्राला उरतच नाही काही.

लोक येतात आता. मी तासतो आणि बोलतो, ते खाली खोबरं किसत, चटया विणत ऐकतात. तिनाई आजी सकाळी सगळ्यात आधी. "काल ती रुसून बसमध्ये बसली तिथं थांबलास. मग?" मी सांगतो. कधी कधी तुझ्यावर अन्याय होतो असं त्यांना वाटतं. परवा मी वाइसेआबद्दल बोलत होतो, तर खालून ताकेई म्हणाली, "एवढा शेंगदाणे खाणारा माणूस कुणाची बायको पळवत नाही, बाउरो. त्याला वेळच नाही." सगळे हसले. मी वरून ओरडलो, "तुम्ही त्याच्या बाजूचे आहात काय?" तामुएरा म्हणाला, "आम्ही पोरीच्या बाजूचे आहोत."

खरं सांगतो, सगळे दिवस असे जात नाहीत. कधी वर पोहोचतो आणि पुढचा शब्द शोधायला ताकदच नसते. मग मी दिसेल ते बोलतो. बाहेरच्या लाटा मोठ्या आहेत. तुमचं छप्पर गळणार आहे, तामुएरा, केवड्याची पात सरकलीय. खाली येऊन चटईवर पडतो आणि दुपारभर पडूनच असतो. जेवणाला ओल्या कागदाची चव. मामी ताट ठेवून जाते, परत घेऊन जाते. पण संध्याकाळ होते, आना रडायला लागते, तिचं ते रडणं मांजरासारखं बारीक आहे, आणि कुणाला तरी उठावं लागतं. मीच उठतो.

नीरा घेऊन उतरलो की ताकेई करवंटीतून बोट बुडवून तिला चाटवते. आना आधी तोंड वाकडं करते. मग बोट सोडत नाही.

हे चांगलं वाटतं असं मी म्हणत नाही. पण हे बघायला मी थांबतो.

बाउरो


२१ मे

रेइता,

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. वरून बोललो नाही, बोलणारही नाही.

मार्चमधल्या त्या संध्याकाळबद्दल मी तुला लिहिलं होतं की सुरी खाली विसरलो. विसरलो नव्हतो. खांबात खोचलेली होती, मी तिच्याकडे बघून तिथंच ठेवून गेलो. त्या संध्याकाळी मी नीरा काढायला चढलो नव्हतो. समजलीस ना? यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

तामुएराच्या शिवीनं मला खाली आणलं. माझ्यावर असला घाणेरडा आळ आलेला मला सहन झाला नाही, आणि त्याचं तोंड फोडायला मी उतरलो. एवढीच गोष्ट आहे. मला वाटत होतं, नशीब. त्याच वेळी त्याची बायको आंघोळीला बसली, त्याच वेळी त्यानं वर बघितलं.

परवा ताकेई चटई विणताना सहज बोलून गेली. म्हणाली, तामुएराची बायको तिच्या बाळंतपणाच्या तापात खूप उपयोगी पडली, फक्त मार्चअखेरीस ती नव्हती, दक्षिणेच्या गावात भाचीच्या बारशाला आठवडाभर गेली होती. मी विचारलं, "कधी?" म्हणाली, "तू मनेआबात उभा होतास तेव्हा. नाहीतर ती तुझ्या बाजूनं भांडली असती."

म्हणजे त्या आडोशात कुणी नव्हतं, रेइता. त्यानं खाली उभं राहून वर बघितलं, गप्प बसलेल्या माणसाकडे, आणि जे बोलल्यावर मी नक्की उतरेन ते बोलला. "पोरा, खाली ये, असं करू नकोस," म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं. तुझंही नव्हतं ऐकलं. माझा स्वभाव गावाला माहीत आहे.

काल त्याच्याकडे गेलो. तो होडीला डांबर लावत होता.

"तुमची बायको त्या दिवशी घरी नव्हती."

"कोणत्या दिवशी?"

"ज्या दिवशी मी तिला बघत होतो."

त्यानं वरही पाहिलं नाही. "नव्हती? मग मी कुणासाठी ओरडलो? म्हातारा झालो रे. आपली बायको घरी आहे की नाही तेही कळत नाही."

"खरं सांगा."

"हे धर," म्हणून त्यानं डांबराचा डबा माझ्या हातात दिला. मी धरून उभा राहिलो. मग थोड्या वेळानं, होडीशीच बोलल्यासारखा: "माझा धाकटा भाऊ कधी गायचा नाही. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहे." आणि कुंचला परत डांबरात बुडवला.  संपूर्ण होडी होईस्तोवर मी डबा धरला.

मामालाही माहीत होतं, असं आता वाटतं. सुरी खांबातच होती ना. म्हणून ती दोरी.

तिथून मी कातारिना नर्सकडे गेलो. तिला सांगितलं. तुला लिहिलंय त्यापेक्षा थोडं जास्त. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर प्रार्थना करायला लावेल. ती म्हणाली, "जेवतोस?" म्हटलं, "थोडं." "झोप?" "पहाटे तुटते." "राग येतो?" "येतो." "फार?" "फार." "बरं. त्याचं नंतर बघू." तिनं रेडिओवरून तारावाच्या डॉक्टरांशी बोलणं केलं, पुढच्या विमानानं गोळ्या येतील. मी म्हटलं, "गोळ्यांनी काय होणार? माझा प्रेमभंग झालाय." ती म्हणाली, "तोही असेल. आपण आधी झोपेचं बघू. उद्या ये. आणि परवाही ये."

तू म्हणाली होतीस, डॉक्टरकडे जा. गेलो. घे. जिंकलीस.

बाउरो


१८ जून

रेइता,

बोट आली. इंजीन दुरुस्त होऊन, चार महिन्यांचं सामान लादून. दुधाचे डबे आले. तुझं पत्र आलं.

तू लिहिलंस की माझी पहिली दोन पत्रं तू उघडलीच नाहीस, आत शिव्या असतील या भीतीनं. मग सगळी एकदम वाचलीस, आणि मेमधलं वाचून ग्रंथालयामागे जाऊन रडलीस. तू लिहिलंस की वाइसेआ कधीच कुणी नव्हता. आणि पुढे: "बाउरो, तू वर चढतोस याचा मला फार आनंद आहे. पण मी तुझ्याकडे परत येणार नाही. तुझ्या जिवाची राखण माझ्यावर सोपवू नकोस. मी वर्षभर केली. रात्र रात्र जागून केली. मला झेपत नाही."

ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की कागद घडीवर फाटलाय.

मला राग येईल असं वाटलं होतं. आलाही. मामाच्या खांबावर मूठ मारली, पोरं बाजूला झाली. पण तू जागलीस हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी एकटाच जागा असतो.

त्या दिवशी चटईवर जाऊन पडलो. मार्चसारखाच, भिंतीकडे तोंड करून. आणि सगळं उलटं फिरून बसलं होतं, बघ. तू येणार नव्हतीस. आना आता डब्याचं दूध पिते, वाफवलेला भोपळा खाते, नीरेच्या थेंबाला तोंड फिरवते. आणि मामाच्या हाताच्या पट्ट्या त्याच सकाळी निघाल्या होत्या. कुणाला माझी गरज नव्हती. एकालाही नाही. पडून राहायला याहून सोयीचा दिवस कुठला?

ऊन उतरायला लागलं. मामा आला, माझ्याकडे बघून उभा राहिला. म्हणाला, "पडून राहा. आजचं मी बघतो. हात मोकळा झालाय." आणि खुंटीवरून सुरी काढल्याचा आवाज आला.

का ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण ती पोय मी तीन महिने तासतोय. शेंडा किती पातळ घ्यायचा, कुठल्या बाजूनं, ते माझ्या मनगटाला माहीत आहे. मामा जरा जाड घेतो. मामानं जाड घेतलेली ती चकती डोळ्यांसमोर आली आणि मी उठून बसलो.

"ठेवा ती. माझी पोय आहे."

"तुझी कधीपासून? माड माझ्या बापाचे."

"माड तुमच्या बापाचे. पोय माझी. द्या इकडे."

मामानं सुरी दिली. हसला नाही, बिचारा. तोंड फिरवून नाक शिंकरलं.

वर पोहोचलो. खाली तिनाई आजी, ताकेई, तामुएरा, सगळे होते. बोटीनं पत्र आलंय हे गावाला माझ्याआधी कळलं होतं. कुणी "मग?" म्हटलं नाही. तासायला लागलो. काय बोलू? तुझी गोष्ट संपली होती आणि मला दुसरी येत नव्हती. खाली खोबरं किसायचाही आवाज थांबला. तामुएरा उठून उभा राहिला, मला दिसलं.

मी म्हणालो, जोरात, "ती येणार नाही."

 मग तिनाई आजी म्हणाली, "मी सांगणार होते."

"का नाही सांगितलंत?"

"गोष्ट चांगली चालली होती."

मला हसू आलं की रडू, वर कळत नाही, दोन्हीला दोन्ही हात लागतात आणि एका हातात सुरी होती. तेवढ्यात पलीकडे दिसलं. ओरडलो, "इओतेबाचं डुक्कर सुटलंय! अळूच्या खड्ड्यात उतरलंय!" आणि सगळं गाव पळालं, तिनाई आजीसुद्धा. मी वर एकटा उरलो आणि कुठल्या बाजूनं घेरायचं ते सांगत राहिलो. घसा बसला.

बऱ्याच दिवसांनी भूक लागली त्या संध्याकाळी. उगाच मोठं करून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी नव्हती.

बाउरो


२ जुलै

रेइता,

हे शेवटचं. तू सांगितलंस म्हणून नव्हे, माझ्या मनानं. तुला लिहीत राहिलो तर राखण तुझ्याकडेच राहील.

गोळ्या घेतो. कातारिनाशी भांडून घेतो, पण घेतो. तोंड कोरडं पडतं. पहाटेची झोप थोडी लांबली. कॉलेजचं काय ते अजून ठरवलं नाही; मामीनं गावाला खरं काय ते सांगून टाकलंय, आता मला मास्तर म्हणून चिडवतात. वाईट दिवस येतात. येतील, असं कातारिना म्हणते, पण आले की मला येऊन सांग म्हणते.

काल विहिरीपलीकडच्या चौथ्या माडावर चढलो. त्याची नीरा आजवर कुणी काढलेली नाही. त्यावर एक कोवळी पोय होती, अजून न उमललेली. ती काथ्यानं घट्ट बांधायला घेतली.

खाली मामा उभा होता, मान वर करून.

"ती कशाला रे? आना तर आता भोपळा खाते!"

"बांधून ठेवतो!"

"रोज थोडी थोडी वाकवावी लागेल! पंधरवडाभर थेंब यायचा नाही हातात!"

"माहीत आहे!"

 मामा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "तेवढे दिवस आहेस ना तू?"

दोरीचं टोक माझ्या दातांत होतं. ते काढून हातात घेतलं.

"हो!"

बाउरो